गेणू मापाड्याची पहिली यत्ता

भोकरवाडीत खळ्यावर भात मोजायचं काम गेणूचं. त्याला ते कुणी नेमून दिलेलं नव्हतं. बाप मोजायचा, बापामागं वाडीतल्या घरांनी यालाच हाक मारली आणि तो मापाडी झाला. टाकवे गाव मागे टाकून डोंगराच्या अंगानं चढत गेलं की शेवटी ही वाडी लागते. पुढे नुसता कडा, आणि कड्याखाली कोकण. असल्या ठिकाणी माणसाला नाव कमवायला फारशी जागा नसते. गेणूनं ते पायलीवर कमावलं होतं. तो राशीपुढं मांडी घालून बसला, पायली भातात रुतवून वर काढली आणि तळहातानं शीग सारखी करून ‘लाभ’ म्हणाला, की खळ्यावरची बडबडी माणसंसुद्धा आपोआप गप्प व्हायची.

पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, हा खळ्याचा रिवाज. एक म्हटलं की रास एकावरच अडते, असं जुनी माणसं सांगत. म्हणून लाभ. मग दोन, तीन, चार. वीस पायल्या पडल्या की पोत्याचं तोंड शिवायचं. गेणूची नात दुर्वा बसायला लागल्यापासून खळ्यावर त्याच्या मांडीला टेकून बसलेली, त्यामुळं बोलायला लागल्यावर तीही त्याच लयीत वीसपर्यंत म्हणायला लागली. जूनमध्ये ती पहिलीत गेली. वर्गात मोजायची वेळ आल्यावर ती उभी राहिली आणि छातीठोकपणे म्हणाली, “लाभ, दोन, तीन, चार.”

त्या दिवशी ती घरी आली ती गाल फुगवूनच.

“आबा, तुमी मला चुकीचं शिकिवलं. लाभ नसतंय. एक असतंय.”

“कोन म्हनलं?”

“सारिका मॅडम.”

गेणूला हे लागलं. दुसऱ्या दिवशी मुंडासं बांधून तो शाळेत हजर. शाळा म्हणजे दोन खोल्या, चार वर्ग आणि बोटांवर मोजावीत इतकी पोरं. सारिका मॅडम रोज टाकव्यावरून स्कूटीवर यायच्या. गेणूचं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं.

“आबा, माझ्या वडिलांच्या खळ्यावर पण लाभच म्हणतात,” त्या हसून म्हणाल्या. “मी तिला चूक नाही म्हटलं. खळ्यावर लाभ म्हण, शाळेत एक म्हण, एवढंच सांगितलं.”

यावर भांडायला काही जागा नव्हती. गेणू परत फिरला. वाटेत त्याला वाटलं, बाई आहे खरी शहाणी. आणि पोरगी एका दिवसात एका गोष्टीची दोन नावं शिकून आली, हेही काही कमी नव्हतं.

पुढे आषाढात आवणी सुरू झाली. गेणू, त्याची बायको पुतळाबाई, सून मंगल, धाकटा भाऊ दत्तोबा आणि दत्तोबाचा मुलगा आकाश अशी सगळी एका ओळीत वाकून चिखलात रोपं लावत होती. जमीन दोघा भावांची सामाईक. राबायचं एकत्र, वाटायचं खळ्यावर, ही बापाच्या वेळेपासूनची रीत. गेणूचा मुलगा पवन खंडाळ्याला हॉटेलात कामाला, तो सुट्टीला येईल तेवढाच. ओळ अर्धी झाली आणि गेणूच्या उजव्या हातातली रोपांची मूठ सुटेना. बोटं उघडेचनात. “दत्तू,” अशी हाक मारायला गेला तर तोंडातून भलताच आवाज आला, आणि तो तसाच चिखलात बसला.

आकाशनं टेम्पोतून त्याला तळेगावच्या दवाखान्यात नेलं. गेणूचं नशीब बलवत्तर. हळूहळू हात थोडाफार आला, पाय लंगडत का होईना आला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, जीभ बाहेर काढायला लावली, नाव विचारलं, गाव विचारलं. मोजायला मात्र कुणी सांगितलं नाही. पुतळाबाईनं भैरोबाला नारळ फोडला आणि सगळ्यांनी संकट टळलं म्हणून हुश्श केलं.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी शेळ्या आत घेताना त्याच्या ध्यानात आलं. लाभ, दोन, तीन, चार. पाचवी शेळी उंबऱ्यावरून आत गेली आणि तिला काय म्हणायचं ते त्याला आठवेना. चारच्या पुढं नुसतं धुकं. पुन्हा पहिल्यापासून धरलं. या वेळी सातापर्यंत गेला, सातावरून एकदम अकरावर पडला आणि आपण पडलो हेही त्याला उशिरा कळलं. तो दाराला धरून उभा राहिला.

“सगळ्या आल्या का?” पुतळाबाईनं आतून विचारलं.

“आल्या,” तो म्हणाला. त्या दिवसापासून तो अशीच उत्तरं द्यायला लागला.

श्रावणात पावसानं वाडीला वेढून टाकलं. मंगल फुलांच्या पॉलिहाऊसवर मजुरीला जायची, पुतळाबाई चुलीपाशी, आणि पडवीत गेणू आणि दुर्वा. दुर्वाला शाळा शाळा खेळायला विद्यार्थी हवा होता. घरात रिकामा माणूस एकच. तिनं आजोबाला भिंतीशी बसवलं, पुढ्यात पाटी ठेवली आणि हातात पुतळाबाईची फुंकणी घेऊन मॅडम झाली.

“म्हना, एक.”

“मला येतंय समदं. मी मापाडी हाय.”

“येतंय तर म्हना की.”

तो म्हणायला लागला आणि नवाला अडला. दुर्वानं त्याच्याकडं बघितलं. तिला वाटलं, हा खेळच आहे, आजोबा मुद्दाम चुकतोय. तिनं मॅडमसारखी मान हलवली आणि म्हणाली, “हरकत न्हाई. परत म्हना.” गेणूनं परत म्हटलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या. इतक्या सहज कुणी त्याला आजवर ‘परत म्हना’ म्हटलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यानं परत म्हटलंही नसतं.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. दुर्वा शाळेत जे शिकून येई ते पडवीत ओतून मोकळी होई. तिनं तुरीच्या काड्या मोडून आणल्या आणि दहा दहाच्या जुड्या बांधल्या. जुडी म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. गेणू काड्यांना हात लावून मोजे. बोटाखाली काडी असली की आकडा पळत नसे. काडी सोडली की तो कुठल्या कुठं जाई. आणि समोरची पोर मात्र आज जे येत नव्हतं ते उद्या डोळे मिटून सांगे. रात्रीतून हिच्या डोक्यात कोण येऊन नांगरून जातं, याचं त्याला नवल वाटे. जमिनीतून मोड वर येताना त्यानं जन्मभर बघितला होता. माणसाच्या आत तो कसा येतो हे तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता.

एक दिवस तिनं पाटीवर एक वाटोळं काढलं.

“ह्ये काय?”

“भाकर,” गेणू म्हणाला.

“शून्य. म्हंजी कायच न्हाई त्ये.”

“कायच न्हाई तर लिवायचं कशाला?”

दुर्वानं विचार केला. कोपऱ्यातली रिकामी पायली ओढून तिनं त्याच्यापुढं ठेवली.

“ह्येच्यात किती भात हाय?”

“कुटं हाय भात?”

“त्येच. न्हाई हे सांगायला पन आकडा लागतो.”

गेणू त्या रिकाम्या पायलीत बघत राहिला. आयुष्यभर त्यानं लाभापासून सुरुवात केली होती. लाभाच्याही आधी काही असतं, रिकामेपणालासुद्धा नाव असतं, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पुतळाबाई चहा घेऊन आली तरी तो पायलीत बघतच होता. “काय हरवलं काय त्यात?” तिनं विचारलं, आणि त्यानं नुसती मान हलवली.

भादव्यात अक्षरं आली. पहिल्यांदा एकेक, लंगडत, आणि मग एका दुपारी एकदम. ऊन पडलं होतं म्हणून गेणूनं पावसाची खोळ वाळत घातली होती. खोळ म्हणजे काय, खताचं पोतं, एका बाजूनं उसवलेलं. गेली कित्येक वर्षं तो पावसात तेच डोक्यावर घेऊन राबत होता. दुर्वा त्यापुढं उभी राहिली आणि बोट लावून वाचायला लागली.

“हु. क. हुक. न. ल, गा, ए. लगाए.” ती थांबली. “आबा, हुक न लगाए.”

“कोन लावतंय हुक?”

“मला काय म्हाईत. तुमच्या पाठीवं लिवलंय.”

संध्याकाळी मंगल आली तेव्हा तिनं सांगितलं की ते हिंदी आहे, पोतं उचलताना लोखंडी आकडा खुपसू नका असं हमालांना सांगतात. गेणू हसला, मग गंभीर झाला. इतकी वर्षं आपण पाठीवर लिहिलेलं घेऊन हिंडलो, आणि एकानंही वाचून दाखवलं नाही. दुर्वाचं मात्र तेव्हापासून तोंड बंद होईना. चहाची पुडी, काड्यापेटी, साबणाचा कागद, देवळाची पाटी, आकाशच्या टेम्पोची काच, जिथं तिथं तिला अक्षरं दिसत. सगळं जग कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं आणि ते या पोरीला आता ऐकू यायला लागलं होतं. गेणू तिच्या मागून आ वासून हिंडे.

पण कार्तिक आला, भात कापून झालं, झोडून झालं, आणि खळं सारवून रास लागली, तशी गेणूची झोप उडाली. पायलीला कुणीतरी बसायला हवं, आणि तो कुणीतरी म्हणजे तोच. मला जमत नाही असं म्हणायचं कसं? आकाश आधीच दोनदा म्हणून चुकला होता, “थोरलं आबा, आता वजनकाटाच आनू. कशाला तकलीप?” काटा आला की मापाडी गेला. आणि मापाडी गेला की मागं उरतो तो एक लंगडा म्हातारा, पोरांच्या जिवावर जगणारा. गेणूला हे नको होतं.

त्यानं एक युक्ती केली. दुर्वाच्या काड्यांतल्या वीस काड्या गुपचूप कमरेला खोवल्या. एक पायली पडली की एक काडी खाली ठेवायची, काड्या संपल्या की पोतं भरलं. युक्ती साधी होती आणि चालली असती. पण तो राशीपुढं बसला, सगळे भोवती जमले, आकाश मोबाईल हातात धरून त्याच्याकडं बघत उभा राहिला, आणि त्या सगळ्यांपुढं कमरेच्या काड्या काढायला गेणूचा हात धजेना. मापाडी काड्या मांडून मोजतोय म्हटलं असतं तर वाडीनं तोंडात बोटं घातली असती. काड्या तशाच कमरेला टोचत राहिल्या.

“लाभ,” तो म्हणाला.

एक पोतं दत्तोबाचं, एक गेणूचं, असं आलटून पालटून भरायचं. दत्तोबा पोत्याचं तोंड उघडून धरी. भावाच्या मोजण्याकडं कान द्यायची त्याला सवयच नव्हती; देवळात गेल्यावर देव आहे का असं कुणी बघतं का? पहिली दोन पोती लयीवर निभावली. पुढं लय मोडली. बारा झाले की तेरा, का तेरा होऊन गेले? उजवा हात जड झाला होता. दुर्वा मांडीशी बसून मनात मोजत होती.

“आबा, सोळा झालं. तुमी अठरा…”

गेणूनं तिच्याकडं असं बघितलं की पोर जागच्या जागी आवळली. त्यानं तिच्याकडं तसं कधीच बघितलं नव्हतं. पुढं ती काही बोलली नाही. गेणू तोंडानं मोजत राहिला, खणखणीत आवाजात, आणि आपण काय म्हणतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

सगळी पोती आकाशच्या टेम्पोत चढली आणि भरडायला टाकव्याच्या गिरणीवर गेली. तिथं वजनकाटा होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोबा गेणूच्या अंगणात येऊन उभा राहिला. मागं आकाश. शेजारची माणसं दारात आली.

“भाऊ, माझी पोती हलकी भरली. तुझी जड भरली.”

गेणू दोरी वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

“एकांदं असतं तर म्हनलो असतो चुकलं. एकेक पोतं सोडलं तर माझी समदी हलकी, तुझी समदी जड. असं कसं?”

नशीबच तसं फिरलं होतं; चुकताना आकड्यांना धनी कळत नाही, पण या वेळी त्यांनी एकाच भावाचं घर भरलं होतं. गेणूच्या तोंडाशी शब्द आले. एक वाक्य म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण अंगणात वाडी जमली होती.

“बोल की,” दत्तोबा म्हणाला. “का बापाच्या पायलीला बट्टा लावलास? मापात पाप केलंस, आन त्ये बी सख्ख्या भावासंग?”

“आबाला ना…” दुर्वा दारातून पुढं झाली.

“गप,” गेणू म्हणाला. मग भावाला म्हणाला, “तुझं जे कमी असंल त्ये घेऊन जा.”

हे म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच झालं. दत्तोबाचा चेहरा पडला. त्याला वाटलं होतं भाऊ भांडेल, शिव्या देईल, पायलीची शपथ घेईल. तो वळला. जाता जाता आकाश म्हणाला, “औंदा राब येगळा. आवणी बी येगळी. मधी बांध घालू.” गेणू दोरी वळत राहिला. मोजता न येणाऱ्या म्हाताऱ्यापेक्षा लबाड म्हातारा बरा, असं त्याला त्या क्षणी खरंच वाटलं होतं. लबाडाला निदान अक्कल असते, लोक त्याला भितात तरी.

हिवाळाभर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. पाण्यावर पुतळाबाई आणि दत्तोबाची बायको पाठीला पाठ लावून हंडे भरत. “खरंच केलंत का तुमी?” पुतळाबाईनं एकदा विचारलं, आणि त्याचं मौन बघून परत विचारलं नाही. तिच्या जेवण वाढण्यात मात्र फरक पडला. भाकरी पूर्वी हातात यायची, आता ताटात पडायची. गेणूनं पायली माळ्यावर टाकली. वाडीत दुसऱ्या कुणी खळ्यावर त्याला बोलावलंही नाही.

फक्त पडवीतली शाळा बंद पडली नव्हती. दुर्वा पहिल्यासारखीच काड्या घेऊन बसायची, खळ्यावरचं ती बोलली नाही. थंडीत तिचे शंभर झाले.

“शंभरानंतर?” गेणूनं विचारलं.

“एकशे एक.”

“मंग?”

“एकशे दोन. असं हजार, लाख, कोटी.”

“आन शेवटाला?”

“शेवट न्हाई. मॅडम म्हनल्या, कितीबी मोठा आकडा सांग, त्येच्यात आनखी एक मिळवता येतोच.”

गेणू उठून अंगणात गेला. समोरचा डोंगर वाळल्या गवतानं पिवळा झाला होता. त्या गवताच्या काड्या, त्यावरचं बी, खालची माती, सगळं मोजलं तरी आकडे उरणारच. सहा वर्षांची पोर हे दाताखाली भाकरी चावत सांगते. आणि आपण विसावर पोतं शिवायचो आणि स्वतःला मापाडी म्हणवायचो. त्याला लाज वाटली नाही, उलट छाती भरून आली, कारण एवढं मोठं काही आपल्याच पडवीत बसून आपल्याला सांगितलं जाईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

चैत्रात शाळा सकाळची झाली. वर्ष संपताना मॅडमनी सगळ्या पालकांना बोलावलं. मंगलला कामावरून सुट्टी नव्हती, पवन खंडाळ्याला, म्हणून गेणू गेला आणि भिंतीशी सतरंजीच्या कडेला बसला. मॅडमनी पोरांना ओळीनं उभं केलं.

“जूनमध्ये काय येत नव्हतं ते आधी सांगायचं. मग आता काय येतं ते.”

एकेक पोर पुढं यायला लागलं. मला घड्याळ येत नव्हतं. मला माझं नाव लिहायला येत नव्हतं. मला घरचं सोडून दुसऱ्याशी बोलायला येत नव्हतं, असं एक चिमुरडी एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली की सगळे हसले. मग दुसरीतला सत्यम पुढं आला. हात मागं बांधून, सरळ उभा राहून तो म्हणाला, “मला उलटी उजळणी येत नव्हती. मला अजून पण येत नाही.”

लहानपणी गेणूही या शाळेत थोडे दिवस आला होता. तेव्हा असं म्हणणाऱ्याच्या हातावर निर्गुडीची छडी बसायची, आणि छडीपेक्षा हसणं जास्त लागायचं. शाळा त्यानं त्या हसण्यापायीच सोडली होती. आता तो हसण्याची वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही. पोरांना त्यात हसण्यासारखं काही सापडलंच नाही.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “तिसरीत येईल. आपण दोघं मिळून करू.”

सत्यम मान हलवून जागेवर जाऊन बसला. भूक लागली म्हणावं तितक्या सहज त्यानं ते सांगितलं होतं. गेणू त्या पोराकडं टक लावून बघत होता. वर्षभर त्यानं बघितलेल्या नवलांत शून्य होतं, पाठीवरचं पोतं होतं, न संपणारे आकडे होते. पण असं नवल त्यानं बघितलं नव्हतं. येत नाही हे सांगणंही शिकवता येतं, आणि माणूस ते एवढंसं असतानाच शिकू शकतो, हे त्याला आजच कळत होतं.

शेवटी दुर्वा आली. “मला शून्य येत नव्हतं, वाचायला येत नव्हतं. आता येतं. मोठी वजाबाकी येत नाही,” ती म्हणाली, आणि पुस्तक उघडून न अडखळता पाणी भरल्यासारखं घळाघळा वाचायला लागली. गेणूच्या डोळ्यांना धार लागली. त्यानं पुसली नाही. पोरांना केळी वाटायला सुरुवात झाली तसा तो उठला.

“तू घरला जा,” त्यानं दुर्वाला सांगितलं. “मी शेताकडनं येतो.”

शेतात दत्तोबा आणि आकाश राब भाजत होते. रोपांच्या वाफ्यावर शेण, त्यावर पालाफांद्यांचा टहाळ, गवत, वर मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं विस्तव, म्हणजे आग धावत सुटत नाही, सावकाश जमिनीत उतरते. आजवर दोघांचा वाफा एकच भाजला जायचा. आता मध्ये दगडांची ओळ होती. अलीकडं गेणूचा अर्धा वाफा उघडा पडला होता. त्यानं आणि पुतळाबाईनं ओढून आणलेला टहाळ बांधावर तसाच पडला होता; एका हातानं पसरणं त्याच्याच्यानं होईना. राब भाजला नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर खाचर पडीक.

दत्तोबा एकटा भेटेल असं त्याला वाटलं होतं. आकाशला बघून त्याला मागं फिरावं असं वाटलं. पण तो दगडांच्या ओळीपाशी जाऊन उभा राहिला. धूर त्याच्या अंगावर येत होता.

“दत्तू.”

दत्तोबानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

“दत्तू, मला मोजता येत न्हाई.”

“काय?”

“मोजता येत न्हाई. आकडा हातात ऱ्हात न्हाई. काडीवं बोट ठेवलं तर येतो, न्हाई तर पळतो. दुर्वी शिकवती मला. अजून आलं न्हाई.”

आकाशच्या हातातली काठी थांबली. दत्तोबा ओळीपाशी आला. भावाच्या तोंडाकडं तो बराच वेळ बघत राहिला, जणू ते तोंड त्यानं आवणीपासून नीट बघितलंच नव्हतं.

“कवापासनं?”

“आजारपनापासनं.”

“म्हंजी खळ्यावं…”

“व्हय.”

दत्तोबा दगडावर बसला. “मी तुला समद्या वाडीम्होरं चोर म्हनलो, भाऊ. वहिनीम्होरं म्हनलो. तू त्ये ऐकून घेतलंस. पन ह्ये येवढं बोलला न्हाईस. तवाच का न्हाई सांगितलंस?”

गेणूनं खरंच विचार केला. उत्तर काय आहे ते त्यालाही बघायचं होतं.

“तवा मला त्ये बी येत न्हवतं,” तो म्हणाला.

राबाची आग मातीखालून तडतडत ओळीकडं सरकत होती. आकाशनं काठी खाली टाकली, बांधावर जाऊन टहाळाचा भारा खांद्यावर घेतला आणि थोरल्या आबाच्या वाफ्यात नेऊन टाकला. दत्तोबा उठला. नाक शिंकरून त्यानं हात धोतराला पुसला, वाकला, आणि मधला एक दगड उचलून बाजूला ठेवला.

“पाला पसर, भाऊ,” तो म्हणाला. “इस्तू हाय तवर उरकून घेऊ.”